लंडनमधले कोल्हे, तान्ही बाळं आणि "शिकार परत सुरू करा"ची ओरड

हॅरोची_मुक्ता (धागाकर्ती)

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या कोल्ह्यांवरून नुसतं रणकंदन चाललंय. कुणाच्या तरी शेडखाली कोल्हीण व्याली, पिल्लं दिवसाढवळ्या लॉनवर खेळायला लागली, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि मग एका गृहस्थांनी २०१० आणि २०१३ च्या बातम्यांची कात्रणं टाकून लिहिलं की घोडे आणि शिकारी कुत्रे घेऊन करायच्या कोल्ह्यांच्या शिकारीवर बंदी आली म्हणून कोल्हे शहरात घुसले, तो कायदा रद्द करा, आपली मुलं वाचवा. आमच्याकडे तान्ह्या बाळांच्या आया बऱ्याच आहेत, दोघीतिघींच्या सासूबाई नाशिक-साताऱ्याहून बाळंतपणासाठी आल्यात, त्या बिचाऱ्या आता बाळाला घेऊन मागच्या अंगणात बसायलाही घाबरतायत. म्हणून म्हटलं इथे एकदा सगळं सविस्तर लिहावं, इथे यूकेतले बरेच जण आहेत आणि बाकीच्या देशातल्यांचेही अनुभव कळतील.

आधी भीतीबद्दल बोलते कारण ती खोटी नाहीये. जून २०१० मधे लंडनच्या हॅकनी भागात एका घरात कोल्हा शिरला, उकाड्यामुळे दार उघडं होतं, वरच्या मजल्यावर झोपलेल्या नऊ महिन्यांच्या जुळ्या मुलींना त्याने चावे घेतले, दोघींना हॉस्पिटलमधे ठेवायला लागलं. फेब्रुवारी २०१३ मधे ब्रॉमलीला एका महिन्याच्या बाळाचं बोट कोल्ह्याने तोडलं, डॉक्टरांनी ते परत जोडलं. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन ह्यांनी लगेच कौन्सिलांना (इथल्या नगरपालिकांना) कडक पावलं उचलायला सांगितलं होतं. ह्या घटना घडल्यात, कुणी त्यांना "अपवाद" म्हणून झटकून टाकू नये, त्या घरांवर काय गुदरलं असेल ते कोणत्याही आईला सांगायची गरज नाही.

पण मग पुढचं पण बघा ना. लंडनमधे साधारण दहा हजार कोल्हे आहेत असा अंदाज नेहमी दिला जातो, माणसं नव्वद लाख. दररोज रात्री हे कोल्हे आपल्या दारावरून, गाड्यांखालून, खिडकीखालून फिरतात, आणि इतक्या वर्षांनंतरही उदाहरण द्यायचं झालं की सगळे त्याच दोन घटना सांगतात. कोल्ह्याने माणूस मारल्याची आधुनिक काळात ब्रिटनमधे नोंद नाही. कुत्रा चावून मात्र इंग्लंडमधे दरवर्षी हजारो लोक हॉस्पिटलमधे भरती होतात आणि काही मरतातही, एक्सएल बुली जातीवर बंदी आणायची वेळ आली ती काही उगीच नाही. तरी कुणी म्हणत नाही की सगळे कुत्रे मारा.

आणि शिकारबंदीचा संबंध तर मला कळतच नाही. बंदीचा कायदा, म्हणजे हंटिंग ॲक्ट, २००४ चा, लागू झाला १८ फेब्रुवारी २००५ ला. कोल्हे लंडनच्या उपनगरांत आले १९३० च्या दशकात, जेव्हा मेट्रोपोलिटन रेल्वेलाइनच्या कडेने मैलोनमैल सेमी-डिटॅच्ड (जोड) घरं उभी राहिली, प्रत्येकाला मागे लांबलचक बाग, बागेत शेड, शेडखाली कोरडी जागा, कंपोस्टचा ढीग, पक्ष्यांना टाकलेले दाणे. कोल्ह्याला अजून काय पाहिजे? म्हणजे बंदीच्या सत्तर वर्षं आधीपासून ते इथे राहतायत. आणि समजा बंदी उठली तरी घोडे आणि तीस-चाळीस हाउंड (शिकारी कुत्रे) घेऊन हॅरोच्या मागच्या अंगणात कोण येणारे? शिकार व्हायची लेस्टरशायरच्या, ग्लॉस्टरशायरच्या शेतांमधे. ज्या कोल्ह्याने कधी शेत बघितलं नाही त्याच्यासाठी तो कायदा असला काय नि नसला काय.

मला राग येतो तो ह्याचा. आईच्या काळजातली भीती उचलायची आणि ती कुणाच्या तरी खेळाच्या बाजूने वापरायची, हे मला अजिबात पटत नाही. भीती आहे ना, मग दारं-खिडक्यांबद्दल बोला, कचऱ्याबद्दल बोला, कोल्ह्यांना हाताने चिकन भरवणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल बोला.

तुमचे अनुभव लिहा. विरुद्ध मत असेल तर ते पण लिहा, फक्त माहिती देऊन लिहा.

वेम्बलीचा_बंड्या

+१ मुक्ताताई, छान लिहिलंय. इथे नवीन येणाऱ्यांसाठी एक सांगतो, डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री दोन-तीन वाजता बाई जिवाच्या आकांताने किंचाळतेय असा आवाज येतो, तो कोल्हिणीचा असतो, त्यांचा माजाचा काळ. आमच्याकडे नुकत्याच भारतातून आलेल्या एका जोडप्याने पोलिसांना फोन केला होता आणि मला वाटतं बरोबर केलं, माहीत नसेल तर करायलाच हवा. पिल्लं होतात मार्चच्या आसपास, बाहेर दिसायला लागतात एप्रिलच्या शेवटी, आणि मग मे-जूनमधे ती अंगणात धिंगाणा घालतात, बागेतले बूट नि हातमोजे पळवतात. ही पिल्लं माणसाला घाबरत नाहीत कारण त्यांना अजून काही कळत नसतं, मोठी झाली की आपोआप लांब राहतात. हिंसक आहेत म्हणून जवळ येतात असं नाही.

लंडनच्या उंच शार्ड टॉवरचं काम चालू असताना २०११ मधे एक कोल्हा पार ७२ व्या मजल्यावर राहताना सापडला होता, कामगारांच्या डब्यातलं उरलंसुरलं खाऊन जगत होता. म्हणजे जिथे माणसाचं अन्न तिथे कोल्हा, एवढंच.

डॉ_कमळ

मी इथे जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे म्हणून तब्येतीच्या बाजूने लिहिते. कोल्हा चावल्याचे पेशंट फार क्वचित येतात, येतात ते बहुतेक हाताने खायला घालणारे किंवा अडकलेला कोल्हा सोडवायला गेलेले. चावलाच तर जखम नळाखाली भरपूर वेळ धुवायची, मग डॉक्टरकडे जायचं, ॲन्टिबायोटिक आणि टिटॅनसचं बघावं लागतं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा पहिला प्रश्न रेबीजचा असतो आणि तो अगदी रास्त आहे, पण ब्रिटनमधे जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज १९२२ नंतर राहिलेला नाही. वटवाघूळ चावलं किंवा ओरखडलं तर मात्र लगेच दाखवा, इथल्या काही वटवाघळांत रेबीजच्याच जातकुळीचा विषाणू असतो.

त्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती विष्ठेची आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. कोल्ह्याच्या नि कुत्र्याच्या विष्ठेत टॉक्सोकॅरा नावाच्या जंताची अंडी असू शकतात, रांगणारं मूल माती तोंडात घालतं आणि तिथून ती पोटात जातात, क्वचित डोळ्याला पण त्रास होतो. ही अंडी बाहेर पडल्या पडल्या बाधक नसतात, दोन-तीन आठवडे जावे लागतात, म्हणून अंगणातली घाण दिसली की त्याच दिवशी हातमोजे घालून उचला, वाळूचा खड्डा असेल तर रात्री झाकून ठेवा, बाहेरून आल्यावर मुलांचे हात धुवा. एवढ्याने तो धोका जवळजवळ संपतो.

आणि हो, केस झडलेला, अंगावर खपल्या धरलेला कोल्हा दिसला तर तो पिसाळलेला नाही, त्याला लूत लागलीय. कुत्रा पाळलेला असेल तर त्याला दूर ठेवा, त्याला ती लागते.

चेंबूरकर

डॉक्टर, तुमच्याकडे रेबीज नाही म्हणून हे ठीक आहे हो, पण मुंबईत हे वाचून कुणी निर्धास्त होऊ नका अशी कळकळीची विनंती. आमच्या इथे ट्रॉम्बे, विक्रोळी, कांजूर, पलीकडे खारघरपर्यंत खाडीच्या कांदळवनात कोल्हे आहेत, पिढ्यान्पिढ्या आहेत. (तुमचा लाल कोल्हा वेगळा, आमचा सोनेरी कोल्हा, म्हणजे गोल्डन जॅकल, वेगळा.) २०२४ मधे चेंबूर-ट्रॉम्बे भागात मेलेल्या कोल्ह्यांपैकी काहींना रेबीज असल्याचं तपासणीत निघालं होतं. भटक्या कुत्र्यांकडून तो त्यांना लागतो, कारण कांदळवन घटत चाललं आणि दोघंही त्याच कचऱ्यावर येतात. इथे कोल्हा चावला, नुसता ओरखडला तरी साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ हॉस्पिटल गाठून लस घ्यायची, उद्या बघू असं करायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की हातात काही उरत नाही.

आणि म्हणून कोल्हे मारा असंही मी म्हणत नाहीये. कुत्र्यांचं लसीकरण करा, कचरा उचला, कांदळवन राखा. दिवसा रस्त्यावर भेलकांडत फिरणारा कोल्हा दिसला तर वनखात्याला फोन करा, व्हिडिओ काढत जवळ जाऊ नका.

हॅरोची_मुक्ता

चेंबूरकर, खूप महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद. हे वेगळं सांगायलाच हवं होतं. म्हणजे "कोल्हा किती धोकादायक" ह्याचं उत्तर गावागणिक बदलतं.

आल्प्सच्या_पायथ्याशी

गावागणिक बदलतं ह्याला आमच्याकडून पण अनुमोदन. मी झुरिकला असतो. इथे शहरात कोल्हे लंडनसारखेच आहेत पण इथला मुद्दा चावण्याचा नाहीच, कोल्ह्याच्या आतड्यातल्या एका बारीकशा फीतकृमीचा आहे. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठ वाढत जाते, वर्षानुवर्षं कळत नाही, आणि कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. आजार दुर्मिळ आहे पण गंभीर. म्हणून इथे बागेतली भाजी, जमिनीलगतची फळं नीट धुऊन खायला सांगतात, कुत्र्यांना जंताचं औषध वेळेवर द्यायला सांगतात. ब्रिटनमधे हा कृमी नाही, आणि तो येऊ नये म्हणूनच बाहेरून कुत्रा घेऊन ब्रिटनमधे शिरताना २४ ते १२० तास आधी त्याला पशुवैद्याकडून औषध दिल्याची नोंद लागते. ज्यांनी कुत्रा घेऊन स्थलांतर केलंय त्यांना हे माहीत असेल.

अजून एक सांगायला आवडेल. युरोपात पूर्वी कोल्ह्यांमधे रेबीज होता आणि सुरुवातीला सगळ्यांनी कोल्हे मारायचाच उपाय केला. गोळ्या घातल्या, बिळांत गॅस सोडला, तरी साथ पुढे सरकतच राहिली. १९७८ मधे स्वित्झर्लंडने कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकायला सुरुवात केली, कोल्ह्यांनी ती खाल्ली, त्यांना प्रतिकारशक्ती आली, आणि जिथे जिथे हे नीट केलं तिथे साथ थांबली. पुढे बाकीच्या देशांनी तेच केलं, पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज जवळपास गेला. मारून जे झालं नाही ते खायला घालून झालं.

डेव्हनची_सून

मी जरा दुसरी बाजू लिहिते, रागावू नका कोणी. माझं सासर डेव्हनमधे शेतावर, मेंढ्या आहेत, थोड्या कोंबड्या आहेत. शहरातल्या लोकांना कोल्हा गोड दिसतो कारण त्यांचं काही जात नाही. खुराड्याचं दार एक रात्र नीट लागलं नाही तर सकाळी काय दिसतं ते मी बघितलंय, एक खायला नेतो आणि बाकीच्या सगळ्या मारून तिथेच टाकतो, पिसांचा नि रक्ताचा सडा. सासूबाई त्या कोंबड्यांना नावाने हाक मारायच्या. मार्च-एप्रिलमधे मेंढ्या विताना माझे दीर रात्रभर बाहेर असतात, जुळ्यांतलं दुसरं कोकरू बाहेर येईपर्यंत पहिलं गायब झालेलं असतं. शेतकऱ्याने रात्री दिवा लावून बंदुकीने कोल्हा मारला तर ते कायदेशीर आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. नेम चांगला असेल तर एका गोळीत संपतं.

घोड्यावरच्या शिकारीबद्दल विचाराल तर आमच्या गावात दोन्ही मतं आहेत. बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) चौकात सगळे जमतात, घोडे, लाल कोट, वाईनचे छोटे पेले, पोरंटोरं, म्हातारीकोतारी, वर्षातून एकदा अख्खं गाव एकत्र दिसतं ते तेव्हाच. शिवाय शेतात वासरू मेलं की हंटवाले येऊन घेऊन जातात, हाउंडना खायला, शेतकऱ्याचा विल्हेवाटीचा खर्च वाचतो. २००२ च्या सप्टेंबरमधे लंडनला चार लाख लोकांचा मोर्चा गेला होता त्यात आमच्या गावातून बसेस भरून गेल्या होत्या, त्यातले निम्मे कधी घोड्यावर बसले नव्हते. त्यांना राग होता की शहरातले लोक आम्हाला न विचारता आमच्याबद्दल ठरवतात. तो राग मला समजतो.

हॅरोची_मुक्ता

वहिनी, रागवायचं काय त्यात, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. कोंबड्या आणि कोकरांचं नुकसान खरं आहे, आणि शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात बंदुकीने कोल्हा मारण्यावर बंदी नाहीच, ती कुणी मागतही नाहीये. माझं म्हणणं फक्त हाउंडच्या शिकारीबद्दल आहे.

सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीने २००० साली अहवाल दिला, त्यात लिहिलंय की हाउंडनी पाठलाग करून पकडण्याने कोल्ह्याच्या हालअपेष्टा गंभीर होतात. एकेक पाठलाग तासभर किंवा जास्त चालू शकतो. कोल्हा बिळात शिरला तर टेरियर (बिळात शिरणारे छोटे कुत्रे) सोडायचे आणि फावड्याने खणून काढायचं. आदल्या रात्री आजूबाजूची बिळं बुजवून ठेवायची म्हणजे त्याला लपायला जागा उरत नाही. तुम्ही म्हणता तसं एका गोळीत संपवणं वेगळं आणि हे वेगळं.

शेतीला उपयोग म्हणाल तर त्याच समितीसमोर आलेल्या माहितीप्रमाणे शिकारीच्या टोळ्या वर्षाला २१ ते २५ हजार कोल्हे मारायच्या. ऐकायला मोठा आकडा आहे पण एकूण मरणाऱ्या कोल्ह्यांत तो लहान हिस्सा, बंदुकीने आणि गाड्यांखाली त्याहून कितीतरी जास्त मरतात. आणि २००१ मधे पायलागाची (फूट अँड माउथ) साथ आली तेव्हा जवळजवळ वर्षभर शिकार पूर्ण बंद होती, त्या काळात कोल्ह्यांची संख्या मोजली गेली आणि ती वाढलेली आढळली नाही. हा अभ्यास २००२ मधे नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलाय. म्हणजे शिकार बंद झाल्यावर कोल्हे वाढतात ही गोष्ट प्रत्यक्षात बघितली गेली, आणि तसं झालं नाही.

गावाचा मेळावा जमतो हे मला आवडलं. तो जमावा. त्यासाठी प्राणी फाडला जायला लागतो असं मात्र नाही.

खडकीचा_इतिहासवेडा

माहितीपूर्ण धागा. थोडी भर घालतो. शिकार म्हणजे उपद्रवी प्राण्याचा बंदोबस्त, हा युक्तिवाद मला इतिहासात कुठे दिसत नाही. अठराव्या शतकात लेस्टरशायरमधे ह्यूगो मेनेल ह्यांनी क्वॉर्न हंट ह्या शिकारमंडळात वेगवान हाउंड तयार केले तिथून हा खेळ आजच्या रूपात आला. पण मग झालं असं की कोल्हे पुरेनात. म्हणून जमीनदारांनी मुद्दाम काटेरी झुडपांच्या राया लावल्या, कोल्ह्यांना रहायला जागा केली, कृत्रिम बिळं बांधून दिली, आणि एकोणिसाव्या शतकात तर युरोपातून आणलेले जिवंत कोल्हे लंडनच्या लेडनहॉल मार्केटात विकत मिळायचे, ते नेऊन सोडायचे आणि मग मारायचे. ज्याला नायनाट करायचाय तो विकत आणून सोडेल का?

आणि हे लोण आपल्याकडेही आलं होतं. इंग्रज अधिकारी जिथे गेले तिथे हाउंड घेऊन गेले. आमच्या पुण्या-खडकीला पूना अँड किरकी हाउंड्स होते, इंग्लंडहून बोटीने कुत्रे यायचे, उन्हाने नि रोगाने त्यातले कितीतरी मरायचे, परत नवीन मागवायचे. इथे लाल कोल्हा नाही म्हणून आपले सोनेरी कोल्हे मागे लागून मारायचे. उटीला तर उटाकमंड हंट अजून आहे, निलगिरीच्या वेनलॉक डाउन्सवर लाल कोट घालून घोडदौड चालते, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कोल्ह्याशिवाय, नुसत्या वासाच्या मागावर. तिकडे लोकांनी घोडदौड ठेवली आणि कोल्हा सोडला, कुणाचं काही अडलं नाही.

वेम्बलीचा_बंड्या

पण काका, इंग्लंडमधे नुसत्या वासाचीच पळवाट झालीय ना. ट्रेल हंटिंग म्हणतात, कोल्ह्याच्या मुताचा वास लावलेलं फडकं आधी ओढत न्यायचं आणि हाउंड त्याच्या मागे. आता हाउंडला जर कोल्ह्याचाच वास शिकवला, आणि जिथे खरे कोल्हे राहतात तिथेच नेलं, तर वाटेत खरा कोल्हा उठला की ते त्याच्याच मागे जाणार. मग "अपघात झाला" म्हणायचं. कोर्टात हेतू सिद्ध करणं महाकठीण. नॅशनल ट्रस्ट (जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारी संस्था) च्या सभासदांनी २०२१ मधे त्यांच्या जमिनीवर हे बंद करायच्या बाजूने मत दिलं. स्कॉटलंडने तर २०२३ मधे नवीन कायदा करून ट्रेल हंटिंगच बंद केलं, आणि लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात इंग्लंडमधे बंदीचं वचन दिलंय. उत्तर आयर्लंडमधे अजून खरीखुरी शिकार कायदेशीर आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

अंजू_मेलबर्न

आमच्याकडे ह्या सगळ्याचा शेवट काय झाला ते ऐका. ऑस्ट्रेलियात कोल्हा नव्हताच. इंग्रजांना इथे घोड्यावरून शिकार करायची हौस, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी व्हिक्टोरियात कोल्हे आणून सोडले. शंभर वर्षांच्या आत ते जवळजवळ अख्ख्या खंडावर पसरले. इथल्या छोट्या छोट्या प्राण्यांना कोल्हा म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, बँडिकूट, लहान वॉलबी, किती जाती ह्या कोल्ह्याने आणि मांजरांनी मिळून संपवल्या. मेलबर्न शहरातसुद्धा रात्री रेल्वेलाइनच्या कडेने सर्रास दिसतात.

म्हणून मला लंडनवाल्यांसारखं मवाळ होता येत नाही. फिलिप आयलंडवर छोट्या पेंग्विनांची वसाहत आहे, तिथे कोल्हे पूर्ण काढायला अनेक वर्षं लागली, २०१७ मधे बेट कोल्हेमुक्त जाहीर झालं. विष घातलं, सापळे लावले, बंदुका चालवल्या, आणि मी त्याला पाठिंबा देते. वॉरनम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर मात्र पेंग्विनांच्या राखणीला मरेमा जातीचे मेंढपाळी कुत्रे ठेवले, तोही प्रयोग यशस्वी झाला. इथे कोल्हा परका आहे, तिथे तो हजारो वर्षांपासूनचा रहिवासी आहे, हा फरक लक्षात घ्या. आणि इथे जे नुकसान झालं त्याच्या मुळाशी शिकारीचाच शौक आहे हेही.

रोखठोक

सगळं वाचलं. तरी मला एक सांगा, ज्या आईच्या बाळाला चावला तिला तुम्ही काय टक्केवारी सांगणार? एकदा झालं म्हणजे परत होऊ शकतं. कौन्सिल उंदरांचा बंदोबस्त करते मग कोल्ह्यांचा का नको? शिकार नको तर नको, पण पिंजरे लावा आणि शहरातून संपवा. प्राणीप्रेमाच्या नादात माणसाची किंमत कमी होऊ नये इतकंच माझं म्हणणं. आणि मांजरांचं काय? क्रॉयडनमधे शेकडो मांजरं फाडलेली सापडली होती.

ब्रिस्टलकर

रोखठोक, तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि माणसाची किंमत कमी करायचा इथे कुणाचा हेतू नाही. पण मारून संपतात का हे करून बघितलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं लंडनच्या कौन्सिलांनी कोल्हे मारायचे कार्यक्रम चालवले आणि १९८० च्या दशकापर्यंत बहुतेकांनी सोडून दिले, कारण पैसे जात होते आणि कोल्हे तेवढेच राहत होते. कोल्ह्याचं कुटुंब एक इलाखा धरून राहतं. ते काढलंत की ती जागा रिकामी होते आणि दर शरद ऋतूत घर शोधत निघालेली तरुण पिल्लं आजूबाजूला फिरतच असतात, त्यातलं कोणीतरी काही दिवसांत तिथे येऊन बसतं. शहरी कोल्हा तसाही सरासरी दीड-दोन वर्षंच जगतो, बहुतेक गाडीखाली मरतात, तरी संख्या टिकते म्हणजे बघा त्यांचा वेग. आमच्या ब्रिस्टलमधे १९९४ मधे लुतीची साथ आली, दोनेक वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त कोल्हे गेले. विद्यापीठातले स्टीफन हॅरिस आणि त्यांचे सहकारी आधीपासून त्यांचा अभ्यास करत होते म्हणून हे नीट नोंदलं गेलं. इतकं भयंकर होऊनही कोल्हे हळूहळू परत आले. पिंजरेवाला माणूस शेकडो पाऊंड घेऊन एकदोन कोल्हे मारेल, त्याने शहर रिकामं होणार नाही. विष घालणं तर बेकायदा आहे, आणि ते मुलांच्या नि कुत्र्यांच्याच तोंडी जाईल.

क्रॉयडनच्या मांजरांचं म्हणाल तर लोकांना तेव्हा माणूसच खुनी वाटत होता. पोलिसांनी तीन वर्षं तपास करून २०१८ मधे सांगितलं की मांजरं बहुतेक गाड्यांखाली मेली आणि नंतर कोल्ह्यांनी त्यांची डोकी-शेपट्या तोडल्या. मेलेलं खातो तो. धडधाकट मोठ्या मांजराच्या वाटेला कोल्हा सहसा जात नाही, उलट मांजरच त्याला हुसकावतं. पण ससे, गिनीपिग, मांजराची पिल्लं रात्री बाहेर ठेवू नका, ती तो नक्की नेणार.

रोखठोक

ठीक. मारून रिकामी जागा परत भरते हा मुद्दा पटला. तरी जो कोल्हा घरात शिरायला शिकलाय तो एक कोल्हा तरी काढायलाच हवा, ह्यावर मी ठाम आहे.

डॉ_कमळ

ह्यावर मी रोखठोक ह्यांच्याशी सहमत आहे. परत परत घरात शिरणारा, माणसाच्या पायाशी येऊन खाणं मागणारा कोल्हा नुसता सोडून देणं बरोबर नाही. तो तसा झाला कारण कुणीतरी त्याला तसं केलं, पण बाळ तिथे राहतंय.

नाशिककरीण_पिनर

मुक्ताने उल्लेख केलेल्या सासूबाईंपैकी एक आमच्याच! त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांचे प्रश्न: एक, बाळाला अंगणात घ्यायचं का नाही. दोन, शेडखाली पिल्लं आहेत ती आत्ता हाकलायची कशी. तीन, गावाकडच्यासारखी रोज एक पोळी बाहेर ठेवली तर तो शांत राहील का.

हॅरोची_मुक्ता

आजींना नमस्कार सांग. बाळाला खुशाल अंगणात घ्या, फक्त बाळाला एकटं झोपवून आत जाऊ नका, आणि हे कोल्हा नसता तरी सांगितलंच असतं. संध्याकाळनंतर तळमजल्याचं मागचं दार उघडं टाकून वर जायचं नाही, उकाडा कितीही असो, वरच्या खिडक्या उघडा. मांजराच्या दारातून लहान कोल्हा आत येऊ शकतो म्हणून रात्री त्याला कडी. तो समोर आला तर पळू नका, टाळ्या वाजवा, जोरात ओरडा, बागेच्या पाइपने पाणी मारा, तो जातो.

पोळी अजिबात नको. आजींच्या मनात दया आहे ते समजतं, पण दाराशी खाणं मिळालं की तो दारालाच माणसाळतो आणि मग पुढच्या घरातली आई घाबरते. काळ्या पिशव्या रात्री बाहेर काढू नका, झाकणाच्या बिनमधे टाका, बार्बेक्यूची जाळी पुसून ठेवा, झाडाखाली पडलेली फळं उचला.

पिल्लांना आत्ता हात लावू नका. आत पिल्लं असताना भोक बुजवलंत तर ती तडफडून मरतील, तो गुन्हाही होऊ शकतो, आणि कोल्हीण शेड उकरून काढेल ते वेगळंच. शेडजवळ रोज वावर वाढवा, रेडिओ लावून ठेवा, बऱ्याचदा कोल्हीण स्वतःच तोंडात धरून पिल्लं दुसरीकडे नेते. नाहीच नेली तर जुलै-ऑगस्टपर्यंत ती बिळातून निघतात. मग भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून ठेवायचा, चार-पाच दिवस हलला नाही म्हणजे आत कोणी नाही. त्यानंतर वेल्डेड जाळी लावा, साधी कोंबड्यांची जाळी तो दाताने तोडतो, आणि जाळी जमिनीत फूटभर खाली गाडून बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर तो कडेने उकरून परत आत जाईल. डेव्हनच्या वहिनी, खुराड्याला पण हेच ना?

डेव्हनची_सून

हो अगदी हेच. आणि दाराला साधी खिट्टी नको, ती तो नाकाने उचलतो. बोल्ट लावा.